दोन ते आठ

वॉरंटी संपली अठ्ठावीस एप्रिलला.
फ्रिज गेला नऊ मेला.
मधले अकरा दिवस त्यानं का काढले
ते त्यालाच ठाऊक.

बत्तीस वर्षं उपकेंद्रात लसी सांभाळल्या मी.
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा
पेटीचं झाकण उचलायचं, पारा बघायचा,
वहीत लिहून सही करायची.
दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही.
लाइन गेली की झाकणाला हात लावायचा नाही,
सरपंच आला तरी.

रिटायर झाले तेव्हा
एक वस्तू फक्त माझ्यासाठी घेतली:
काचेच्या दाराचा, वाइन रंगाचा,
दारावर हिरवा आकडा उजळणारा.
घाटंजीहून छोट्या हत्तीत बसून आला.
पंचफुलाबाईनं त्याच्या काचेत बघून कुंकू सारखं केलं.

काच अजून तशीच आहे.
आत दही आंबतंय.

फोन लावला.
मराठीसाठी सात दाबा.
"मॅडम, कॉम्प्रेसरवर दहा वर्षं आहेत."
मग मेलं काय?
"बोर्ड. बोर्डावर एकच."
म्हणजे बैल दहा वर्षांचा
आणि कासरा एका वर्षाचा.

पिनकोड विचारला, सांगितला.
बराच वेळ बासरी वाजली.
"तुमचा भाग आमच्या सेवेत येत नाही."
विकताना येत होता.
यवतमाळहून माणूस आलाच तर येण्याचे अकराशे,
बोर्डाचे चौदा हजार दोनशे,
तेही बोर्ड मिळाला तर.

दाराच्या वरच्या कप्प्यात
अंड्यांच्या जागी पंचफुलाबाईचं इन्सुलिन होतं.
मडक्यात मडकं ठेवलं, मधे ओली रेती,
वरून ओलं फडकं.
बाहेर सेहेचाळीस.
आत पारा सव्वीसवर येऊन बसला, पुढं हलेना.
"चालते का, सिस्टर?"
चालवू, म्हटलं. थोडे दिवस.

मोरेश्वर डबले फवारणीचे पंप उघडतो,
कुलरच्या मोटरी भरतो,
भजनी मंडळाचा अँप्लिफायर दर एकादशीला जिवंत करतो.
"असा फ्रिज म्या कधी खोलला नाही. मेला तं मंग?"
मेलेलाच आहे. खोल.

दातात टॉर्च धरून तो फ्रिजच्या मागं शिरला.
मग नुसतंच "अबाबाबा."
पाल.
बोटाएवढी, पापडासारखी वाळलेली,
पुढचा पाय एका टाक्यावर, शेपूट दुसऱ्यावर.
सावली शोधत आली असेल.
"चौदा हजार दोनशेची पाल," मोरेश्वर म्हणाला
आणि तिला चिमट्यानं उचलून
माझ्या स्टीलच्या वाटीत ठेवली.
वाटी मी नंतर तीनदा घासली.

जुन्या टूथब्रशनं काजळी काढली.
उपसरपंचाच्या जळक्या इन्व्हर्टरमधला
एक काळा चौकोनी तुकडा काढून इथं डाकला.
दीडशे घेतले,
आणि उन्हाळाभर रोज एक बाटली थंडं पाणी.

फ्रिज घरघरला.
दारावर मात्र अठ्ठ्याऐंशी,
सकाळी अठ्ठ्याऐंशी, रात्री अठ्ठ्याऐंशी.
"आतून थंडं होते ना?
मंग आकड्याले का चाटाचं हाय?"

ट्रंकेच्या तळाशी एक थर्मामीटर होतं,
निरोपसमारंभाच्या दिवशी
चुकून माझ्या पर्समध्ये राहिलेलं.
ते मधल्या कप्प्यात उभं केलं.
दुकानातून दोनशे पानी वही आणली,
रेघा मारल्या: तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही.
सहीच्या खाली हुद्दा लिहायला गेले
आणि पेन तिथंच थांबलं.

तीन जूनला फोन आला.
ध्वनिमुद्रित बाई, फार गोड:
आमच्या सेवेला एक ते पाच यांपैकी
किती गुण द्याल?
संध्याकाळची वेळ होती.
मी दार उघडलं,
इन्सुलिनची बाटली बाजूला सारून
पारा उजेडाला धरला
आणि दाबलं, सहा.

"क्षमा करा. हा पर्याय उपलब्ध नाही."

वहीत लिहिलं. सही केली.