पिवळी रेघ

परतीच्या पावसात, दुपारी चारच्या सुमाराला
बिरू हमालाचं पोतं माझ्या गॅरेजसमोर उसवलं.
हळकुंडं नव्हती, दळलेली हळद.
वीस किलो तरी रस्त्यावर गेली.
बिरू म्हणाला, "मेलो."
मी म्हणालो, "थांब, सुपली आणतो."

सुपली आणेपर्यंत सर आली
आणि हळद उठून चालायला लागली,
कडेकडेनं,
माझ्या ऑइलच्या डागांवरून,
बाबगोंडाच्या रंगाच्या दुकानापुढून,
चिकनवाल्याच्या पायरीला वळसा घालून
जाळीत उतरली.

मला वाटायचं, जाळीखाली काहीतरी असतं.
एखादी टाकी, चाळण,
महापालिकेचा कुणी जागा माणूस.
तेवीस वर्षं इंजिनातलं काळं
शटर ओढायच्या आधी तिथंच ओतलं
आणि हात धुऊन जेवलो.

काय वाटलं कोण जाणे, मोपेड काढली.
नाला जिथं सुटतो तिथं, भिजत उभा राहिलो.
बऱ्याच वेळानं आली.
एक पिवळी रेघ, बारीक, कृष्णेत शिरताना.
आणि तिच्या कडेनं सरकणारं
तेलकट इंद्रधनुष्य.
ते बिरूचं नव्हतं.

रात्री हिनं पाण्याचा पेला पुढं केला.
मी तो दिव्यासमोर धरला.
"काय बघताय?"
"काही नाही," म्हणालो, आणि प्यायलो.
प्यायचं तर तेच होतं.

आता शटरमागं वीस लिटरचा कॅन आहे.
भरला की दस्तगीर येऊन नेतो,
लिटरमागं पैसे देतो, वर चहा पितो.
मिरजेहून तंबोरेवाल्यांकडचा भुसा आणतो,
सांडलं की दोन मुठी टाकायच्या,
तासाभरानं झाडून पोत्यात.
पोरगं विचारतं, "मालक, ह्यातनं सूर निघतो काय?"
"गप झाड," म्हणतो.
एकटा असलो की कान देतो.

बाबगोंडा अजून ब्रश गटारीतच धुतो.
"पाऊस नेतोय की सगळं," म्हणतो,
पाऊस त्याच्याकडं कामाला असल्यासारखा.
परवा पुन्हा भरून आलं.
त्याच्या पायरीवरनं निळं पाणी निघालेलं.
भांडलो नाही.
मोपेड चालू केली, म्हटलं, बस मागं.
"ह्या पावसात? कुठं?"
"नदीवर."
"काय दाखवणार आहेस?"

"तुझा निळा."