ओलं असताना

त्सेत्सेर्लेगच्या इस्पितळात मार्चमध्येही
जेलची बाटली हीटरवर ठेवावी लागते.
तरी दुलामसुरेन दचकतेच. "बर्फ का गं हे?"
आणि स्वतःच हसते.

एकसष्ट वर्षांची. नमदे करते.
लोकर झोडपायची, भिजवायची, पसरायची,
गुंडाळी घोड्यामागे दिवसभर लोळवायची,
मग उलगडून तळव्यानं चाचपत जायचं,
कुठे मऊ, कुठे निबर, कुठे गाठ.
चाळीस वर्षांत बोटांना डोळे फुटलेत.

नव्या वर्षाआधी बूझ वळून
पिठाच्या हातानं देलचं बटण लावताना
ते डोळे थांबले.

"तूही दाबणार?"
मी नाही, आवाज दाबतो.
कुत्र्यालाही ऐकू न येणारा.
आत एक धक्का देतो, त्याची लाट आडवी निघते,
नमद्याखालून उंदीर पळावा तशी.
मऊ जागी रेंगाळते, कडक जागी सुसाट.
ती कधी पोचली, एवढंच मी बघते.

"म्हणजे घोडाच की. टणक वाटेवर धावतो,
चिखलात रुततो."
हो. घोडाच.

"ही बघ," ती बोट ठेवते.
पडद्यावर निळं. मऊ.
महिनाभराची झोप खाल्लेली गाठ,
आणि बहुधा काहीच नाही तिच्यात.

मी प्रोब उचलणारच होते.
सवयीनं आणखी एक फेरी,
काखेकडे, खोल, बरगडीलगत,
जिथे कुठल्याच बोटांशी तिची गाठ पडली नसती:
मटाराएवढं लाल.

एकशे बेचाळीस किलोपास्कल.
पुन्हा मोजते.
एकशे एकेचाळीस.

ती पडद्याकडे बघतच नाही.
माझा चेहरा चाचपते नजरेनं;
कुठे निबर झालाय, तिला कळतं.

बाहेर जावयाची जीप हॉर्न देते.

"नमद्यात गाठ लागली," बटणं लावत ती म्हणते,
"तर ओलं असताना सोडवता येते.
वाळल्यावर कापावं लागतं.
ही ओलं असताना सापडली का,
तेवढं सांग."

यंत्रात तो आकडा नसतो.
सुई घालून बघावं लागेल, मी म्हणते,
उलानबातारला. गुरुवारी.

ती मान हलवते. उठताना
माझा हात घेते, अंगठ्यानं दाबून बघते.
"गार पडलाय," म्हणते.
"चहा घे आधी."