तीन सेकंद

धकातेंना मी सांगितलं : तीन सेकंद.
माणूस येतो, बघतो, जातो.
तेवढ्यात धरता आला तर धरायचा.
ते मांडीवर वाळ्याची मुळं सोडवत होते,
म्हणाले, "तीन लय झाले, बाई.
इतवारीत मे महिन्यात
उनात थांबते काय कोणी इतकं?"

मी लॅपटॉप उघडला.
निळा रंग दाखवला, बर्फाचे तुकडे,
सरकती चित्रं, कुठल्याशा सोफ्यावर
एक हसरं गोरं कुटुंब,
ज्यांना जन्मात घाम आला नसावा.
वर लाल पट्टी : फक्त आजच! त्वरा करा!
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
"हे कोण लोक आहेत जी?
आपलं गिऱ्हाईक तर नाई दिसत."

मग काही बोलले नाहीत. उठले,
बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं
आणि दारातल्या ताटीवर फेकलं.

रस्त्यानं एक सायकलवाला चालला होता,
डोक्याला दुपट्टा, कॅरियरला दुरुस्तीची शेगडी.
त्यानं ब्रेक दाबला नाही,
नुसते पाय थांबवले.
सायकल आपली आपण हळू झाली.
"हे टाक," धकाते म्हणाले, "तुह्या त्याच्यात."

आता वास कसा टाकायचा?

रात्री एकेक काढत गेले.
बर्फ काढला, कुटुंब काढलं,
त्वरा काढली.
उरला ओल्या ताटीचा एक फोटो,
पलीकडून ऊन येतंय,
थेंब अजून पडायचाय.
खाली त्यांचा नंबर,
आणि त्यांच्याच हट्टानं एक ओळ :
दुपारी दोन ते चार झोपतो. नंतर फोन करा.
'आता खरेदी करा'च्या जागी
'या जी, पाणी घ्या.'
ते बटण दाबल्यावर माणसाला कुठं न्यायचं
हे दोन दिवस ठरत नव्हतं.
शेवटी नकाशावर, दुकानाच्या दारात सोडलं.

पहिल्या दिवशी अकरा भेटी.
नऊ वेळा मीच होते,
दहावा त्यांचा भाचा, हिंगण्याहून.
अकरावं कोण, कळलं नाही.
दुपारी अडीचला आलं,
चार मिनिटं थांबलं,
काही दाबलं नाही, काही विचारलं नाही,
गेलं.

मी आकडा जरा लाजतच सांगितला.
धकाते ताटी बांधत होते, दातात सुतळी.
ती काढून म्हणाले,
"बसलं असन सावलीत."