कमाल मर्यादा

परिपत्रक आलं तेव्हा मे महिन्यातली दुपार होती.
पंखा गरम हवाच ढवळत होता
आणि आवक-जावकच्या सिद्रामप्पांनी
माठावरचं ओलं फडकं मानेला गुंडाळलं होतं.
कागद माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले,
"बाई, वरच्यांचं आहे. जपून वाचा."

विषय : वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन व भत्ते,
कमाल मर्यादा निश्चित करण्याबाबत.

बावीस वर्षं मी वेतन शाखेत आहे.
'किमान' हा शब्द माझ्या बोटांना पाठ झालाय :
रोजंदारीवाले, झाडूवाल्या, व्हॉल्व्ह फिरवणारी पोरं.
'कमाल' पहिल्यांदाच टाइप केला
आणि उगाच हसू आलं.
आमच्या गल्लीत कमाल म्हणजे
पाचव्या दिवशी नळाला पाणी,
आणि तेही उजेडात.

मूळ वेतन, महागाई, घरभाडं, गाडी,
बंगल्याच्या आवारातला माळी.
एकेक रकाना भरत गेले.
खर्शीकर साहेबांचा आकडा
मर्यादेवरून डोकावत होता,
फार नाही, कुंपणावरून शेजारी डोकावतो तेवढा,
पण नऊ महिने.
फरकाची वसुली प्रस्तावित, असं लिहिलं
आणि टाचणी लावली.

साहेबांनी टिपण दोनदा वाचलं.
"माळीसुद्धा धरलात, गुर्रमबाई?"
"धरायला सांगितलंय, सर. खंड चार, उपखंड ब."
मग खिडकीकडे बघत राहिले.
"पुण्याची कंपनी दुप्पट देत होती.
दोनदा विचारलं त्यांनी."

हे खोटं नाही.
मोठी लाइन फुटली त्या रात्री
हा माणूस मांडीएवढ्या चिखलात उभा होता
पहाटे चारपर्यंत,
वेल्डरला बॅटरी दाखवत.
सकाळी बूट हातात घेऊन जिना चढला
तो मी पाहिलाय.

हेही खोटं नाही :
वॉचमन मल्लू शिवशरण वारला,
तेव्हा त्याच्या बायकोच्या हातात पडायच्या पैशातून
आम्ही अकरा हजार चारशे कापले.
वेतनवाढ एक वर्ष आधी लागली होती चुकून.
चूक कुणा जुन्या कारकुनाची, टिपण माझं,
खाली हिरव्या शाईत :
नियमानुसार वसुली करावी.
ती जिन्यावर बसून होती,
डबा उघडून,
न जेवता.

आज तेच पेन.
साहेबांनी टोपण काढलं, लावलं,
परत काढलं.
"हप्ते पाडता येतील?"
"येतात, सर.
शिवशरणबाईंना पाडून दिले नव्हते."
दुसरं वाक्य मी बोलले नाही.
बोलले असते तर हे लिहीत बसले नसते.

'मान्य.' एवढंच लिहिलं त्यांनी.
शाई लगेच वाळली.
आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळतेच.

घरी आले तर अम्मा ओट्यावर, सूप मांडीवर.
कारखान्यात आज चाळीस विड्या छाट निघाल्या,
बारीक वळल्या म्हणे.
फेकायच्या त्या तिनं परत मागून आणल्या होत्या
पदराच्या गाठीत.
मी साहेबांची गोष्ट सांगितली.
तिनं मर्यादेचा आकडा विचारला.
सांगितला.
"वर्साचं?"
"म्हैन्याचं."
बोटं थांबली नाहीत तिची.
"आन् त्येच्यावर कुणी द्यायचं नाही
म्हणून कागद काढला?"
"हो."
"बरं केलं की."
दोरा दातानं तोडला.
"पण चिखलात उभारला होता म्हणतीस."

मी काही बोलले नाही.
आत कुकरची शिट्टी झाली, दुसरी की तिसरी कोण जाणे.
चोवीस विड्या मोजून झाल्या होत्या,
बंडलाला एक कमी.
तिनं सूप हलवलं, पान उलटंपालटं करून पाहिलं
आणि हात पुढं केला :
"त्या छाटातली एक दे गं इकडं.
बसती का बघू."