निरंक

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पाइपलाइनच्या अलीकडे,
एक शेड होती. पाटी नव्हती.
बाबा तिला 'चार नंबर' म्हणायचे
आणि त्यापुढे काही म्हणायचे नाहीत.

रंगाचा कारखाना, एवढं आम्हाला ठाऊक.
पहिल्या तीन शेडमध्ये कपाटांचा करडा,
ग्रिलचा रेड ऑक्साइड, टाकीचा हिरवा.
चौथीत शिरताना खिसे उलटे करून दाखवायचे,
निघताना नखंसुद्धा.
आई विचारायची, "एवढं शिजवता तरी काय?"
"डांबर," म्हणायचे बाबा,
आणि आमटीत भात कालवायचे.

एकदा डब्याच्या झाकणावर थेंब आला घरी.
पाच पैशांएवढा. काळा म्हणावा तर तसा काळाही नाही,
जणू तेवढ्या जागी झाकण नव्हतंच.
आईने राख लावली, चिंच लावली,
शेवटी विटेचा तुकडा घेऊन बसली.
धाकटा म्हणाला, "राहू दे गं,
आता हा डबा शत्रूला दिसणार नाही."
बाबांनी त्याच्या कानाखाली वाजवली.
आयुष्यात एकदाच.
त्या आवाजाने आम्हाला कळलं,
की पोरगं बरोबर बोललं होतं.

दिव्याच्या कोळीवाड्यातला पोशा नाखवा
मासळीबाजारात शपथेवर सांगायचा:
अवसेची रात, जालं टाकलेलं,
"मुलुंडकडून आला नि खाडीवरशी गेला.
आवाज नाय, दिवा नाय.
चांन्या इझल्या नि परत पेटल्या, एकामागं एक.
रोहित पक्षी सगले चूप."
लोक हसले. "कितवी बाटली, नाखवा?"
दिल्लीहून तर आधीच छापून आलं होतं
की असं विमान नाही, नव्हतं, विचारात नाही.
बाबा बोंबील घेत होते.
"किती वेळ?" एवढंच विचारलं त्यांनी.
"दोन श्वास."
सुट्टे पैसे दोनदा मोजले,
आणि घरी येताना, कारण नसताना, जिलबी आणली.

मग खोकला.
वाशीच्या कामगार रुग्णालयात डॉक्टरीणबाई:
"कशात काम करायचात?"
"रंगात."
"कसल्या? पूड होती का? कोणती?"
"रंगात."
तिने एक्स-रे उजेडावर धरला.
चौदा वर्षं जे घोटलं
कुठल्याच पडद्यावर दिसू नये म्हणून,
ते छातीत ठिपक्या-ठिपक्यांनी
स्वच्छ दिसत होतं.

मी अर्ज केला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून.
उत्तर आलं साडेचार महिन्यांनी:
केळुसकर वि. गो., शेड क्र. ४ बाबत माहिती निरंक.
सदर भूखंडावर शेड क्र. १, २, ३ व ५.
वाचता वाचता माझा आवाज चढला.
तीनानंतर पाच! ह्यांना मोजता येत नाही?
बाबा पलंगावरून म्हणाले, "बरोबर लिहिलंय."
"काय बरोबर?"
"सही केली होती मी."
आणि भिंतीकडे वळले.
मला त्या सरकारचा आला नाही एवढा राग
त्या पाठीचा आला.

आता तिथे सर्व्हरची इमारत आहे.
खिडक्या तिलाही नाहीत.
रखवालदार म्हणतो, आत कोणी नसतं,
नुसता थंडावा असतो.

झाकण माझ्याकडे आहे.
कधीमधी टॉर्च मारून बघते.
सगळं स्टील चमकतं,
थेंबात गेलेला उजेड परत येत नाही.

बाबांना संध्याकाळी गच्चीत खुर्ची टाकून देते.
मफलर, पाण्याची बाटली, थुंकायला वाटी.
नव्या विमानतळाकडे विमानं उतरत असतात
लाल-हिरवे दिवे लावून, कंठशोष करत,
सोसायटीतली पोरं बोट दाखवतात.
बाबा त्यांच्याकडे बघत नाहीत.
ते बघतात बाजूच्या मोकळ्या अंधारात,
बराच वेळ,
आणि मग ओळखीचं कोणी रस्त्यावरून गेल्यासारखी
मान हलवतात.