आधी घास

शिवाजी चौकातून आत, जिथं क्लासच्या पोरांच्या खोल्या
एकमेकींच्या खांद्यावर चढल्यात,
तिथं माझी खानावळ. पाटी नाही.
चौतीस डबे, अकरा ताटं,
भाकरी मागाल तेवढी.

पोरं मला मावशी म्हणतात.
कुशिवर्ता हे नाव दोनच ठिकाणी उरलंय:
रेशनकार्डावर,
आणि सरकारी दवाखान्याच्या त्या पुस्तकात
जे मी पिठाच्या डब्याखाली ठेवते.

बाटलीतल्या गोळ्या वाजतात.
पिशवी जरा हलली की
अख्ख्या लातूर-औसा गाडीला ऐकू गेलं असं वाटायचं.
मग वर कापूस कोंबला,
लेबल नखानं खरवडलं.
आता ती ओव्याच्या बरणीशेजारी उभी असते,
मुक्या जावेसारखी.

मालक गेले त्या वर्षी
हरभऱ्याचं पोतं माझ्याहून जड होतं.
इंगोले मॅडमनी विचारलं, सकाळी काय खाल्लं?
च्या.
दुपारी?
मी खिडकीबाहेर बघितलं.
त्या म्हणाल्या, बाई, गोळी म्हणजे जागल्या.
शेतात काही उभंच नसलं तर तो राखणार काय?
आधी घास, मग गोळी.

मग मी खायला शिकले,
छत्तिसाव्या वर्षी, कुणी सायकल शिकावी तसं.
दाण्याचा कूट. मोड आलेली मटकी.
शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचा शेवग्याचा पाला, फुकट.
अंडं मात्र दार लावून,
कारण जन्मभर अंडं दुसऱ्याच्याच ताटात पाहिलेलं.
टँकरच्या वर्षी विकतचं पाणीही उकळलं;
पोरं हसायची, मावशी पाण्याला पण फोडणी देते.

जुन्या गोळीनं रात्रभर डोक्यात बाजार भरायचा.
मळमळ अशी की कांदा परतताना तोंड फिरवायची.
एकदा सोडल्या. बावीस दिवस.
मॅडम रागावल्या नाहीत,
नुसता लाल पेनानं गोल केला.
भाकरी थापताना तो गोल अजून दिसतो.

शिवकांत नळेगावचा. नीटचं दुसरं वर्ष.
पुस्तक तांब्याला टेकवून जेवता जेवता पाठ करतो:
विषाणू पेशीत शिरतो. पेशीचा कारखाना होतो.
मदतनीस पेशी घटत जातात.
मी वरण वाढते.
दोनशे बारा होत्या बाळा, आता सहाशे चाळीस,
हे ओठापर्यंत येतं
आणि मी विचारते, मीठ पाहिजे?
तो पुढं वाचतो: स्पर्शानं पसरत नाही.
एकत्र जेवल्यानं पसरत नाही.
पुन्हा म्हणतो, डोळे मिटून, परीक्षेसाठी.
माझी पळी हवेतच.
हे वाक्य माझ्या घरात मोठ्यानं कुणी म्हणतंय,
पहिल्यांदा,
आणि माझ्याच हातची भाकरी चावत.

परवा त्याचं पोट दुखत होतं. ओवा घ्यायला
तोच फळीपाशी गेला. काही बोलला नाही.
रात्री बघते तर बाटली बरणीच्या मागं सरकलेली,
कापूस दाबून बसवलेला.
मी इतका नीट बसवत नाही.

तीन दिवस मी त्याच्या भाकऱ्या मोजल्या.
चार.
चार.
पाच.

काल गॅस मधेच संपला, दोन डबे जास्तीचे.
गजर पिठाच्या बोटानं बंद केला
आणि विसरून गेले.
सगळे गेल्यावर तो दारात चप्पल शोधत राहिला,
चप्पल पायातच होती.
वर न बघता म्हणाला,
मावशी, तुमी जेवलाव का? नऊ वाजून गेले.

परातीच्या कडेला पीठ उरलं होतं,
एका भाकरीपुरतं.
ते मी ओढून घेतलं.