शनिवारचं धुणं, रविवारचं धुणं

क्लबच्या तळघरात दोन मशीनं आहेत.
मोठं, पुरुषांच्या संघाचं.
धाकटं, ज्याचं दार फिरेपर्यंत गुडघ्यानं दाबून धरावं लागतं,
बायकांच्या संघाचं.
चाव्या माझ्याकडे. एकवीस वर्षं झाली.

ऑगस्टात मोठ्यातून हिरवट पाणी येतं,
नव्या गवताचं.
धाकट्यातून तांबडं.
बायकांना खालचं मैदान दिलंय ना,
खाणीच्या राखेचं, लिपे नदीच्या अंगाला.
तिथे पडलं की गुडघा बटाट्यासारखा सोलून निघतो
आणि बारीक खडे कातडीखाली मुक्काम ठोकतात.
अध्यक्ष ओटमार म्हणतात, गवताला विश्रांती हवी.
हवीच की.
विश्रांती कुणाला नको असते.

सप्टेंबरात पुरुष ओळीनं चार सामने हरले.
हरलेले मोजे उलटेच येतात धुवायला, बोळा होऊन.
आठ नंबरचा फोल्कर बाही चावतो.
मी दर सोमवारी तुरपून देते,
कुणापाशी बोलत नाही.
नुरगुलच्या हातमोज्यांत पीठ सापडतं.
पहाटे तीनला बेकरीत कणीक मळायची
आणि अकराला गोलात उभं राहायचं.
पेनल्टी अडवली तिनं डोर्स्टनच्या संघाची,
तेव्हा म्हणे धूर उडाला. राख असेल,
किंवा मैदा.

नोव्हेंबरात धुकं इतकं
की रेफरीलाच शिट्टी कुणी मारली कळेना.
बायकांच्या सामन्याला बारा माणसं आणि एक कुत्रा.
मी मोजली. सॉसेज भाजणाऱ्याला धरून बारा.

डिसेंबर.
हंगाम थांबतो, मशीनं गप्प,
मी आईकडे वृद्धाश्रमात जाते.
तिला मी ओळखू येत नाही.
सतरा वर्षांची असताना ती खाणीच्या भिंतीमागे खेळायची,
बापाचा कामाचा सदरा निळीत बुडवून केलेल्या जर्सीत.
तेव्हा संघटनेनं बायकांना मैदानं बंद केली होती.
धाकटा भाऊ भिंतीवर बसवलेला,
आणि ती दर पाच मिनिटांनी खालून विचारायची,
कोणी बघतंय का?
हे तिनं मला एकदाच सांगितलं, भांडी घासताना,
पाठमोरी.
आता टीव्हीवर चेंडूचा आवाज आला
की पांघरुणाखाली तिचा उजवा पाय हलतो.

फेब्रुवारीत वरचं गवत काचेसारखं गोठलं.
पुरुष उतरले सरावाला राखेवर.
त्या रात्री दोन्ही मशीनांतून तांबडं पाणी आलं.
मी बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या,
फोन वाजला, वर जाऊन आले,
आणि कुठली कुणाची, मला सांगता येईना.
मातीला बाई-बाप्या कळत नाही.
फोल्कर लंगडत जिना उतरला:
गेर्लिंडे, हे खडे काढायचे कसे?
मी म्हटलं, मला काय विचारतोस.
नुरगुल बाकावर बुटाची नाडी सोडत होती.
तिनं पिशवीतून चिमटा काढला,
दिवा जवळ ओढला,
म्हणाली, ओरडायचं नाही.
तो ओरडला.

मे महिन्यात पुरुष एका गोलाच्या फरकानं वाचले.
ढोल वाजले, बिअर माझ्या जिन्यापर्यंत वाहत आली.
बायका तिसऱ्या आल्या. वर जातात दोनच.
ओटमारनं प्रत्येकीला एक गुलाब दिला
आणि पुढच्या वर्षी गवताचं बघू म्हणाले.
गुलाब जर्सीत गुंडाळलेलेच आले माझ्याकडे,
काटे वेचायला अर्धा तास गेला.

जूनमध्ये फिल्टर उघडते मी.
दोन केसपिना, एक युरोचं नाणं,
गवताची वाळकी पाती,
आणि चमचाभर तांबडा गाळ.
दरवर्षी फेकते. यंदा फेकवेना.
काडेपेटीत भरला आणि आईच्या तळहातावर ओतला.
तिनं बोटानं चोळला, नाकाशी नेला,
बराच वेळ.
मग दाराकडे पाहत, हळू आवाजात,
कोणी बघतंय का?

बारा माणसं, म्हटलं मी.
आणि एक कुत्रा.